वामनरावांची विहीर

आमच्या लेआउटमध्ये कोणी घराचा पाया खणायला घेतला, की वामनराव तिथं जाऊन उभे राहत. नमस्कार-चमत्कार काही नाही. "पाणी माह्या विहिरीवरून नेजा. स्लॅब तहानलेला ठेवू नोका. मंग गळते, अन् शिव्या मले देता!"

वर्ध्याच्या कडेला तेव्हा नुसती काळी माती होती. ना नळ, ना रस्ता. एसटीतले मेकॅनिक वामनराव पहिले येऊन राहिले. दारावर पंचशील झेंडा लावला, विहीर खोदली. मी कापसाच्या जिनिंगमधला हमाल, शेजारचा प्लॉट घेतला. आमची सगळी घरं त्याच पाण्यानं उभी राहिली. गावाकडे ज्यांनी वामनरावांच्या बापाला विहिरीवर चढू दिलं नसतं, तेही बादल्या घेऊन ओळीत. वामनराव हसत, "या पाटील, तुमचा नंबर आला!"

मग दारोदारी खोल बोअर झाले. माझाही. विहीर आटली. ते एवढंच म्हणाले, "म्हातारी झाली ते बी. दम लागते तिले." आम्ही हसलो. बोअरचं नाव कोणी काढलं नाही.

यंदा उन्हाळ्यात माझी बायको सुमित्रा गेली. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. सकाळी फाटकाशी बसलो होतो, तर वामनराव सायकलला कॅन लटकवून लांबच्या हापशीवरून पाणी आणताना दिसले. घामानं निथळत.

"काऊन हो, या वयात?"

ते कॅन सावरत म्हणाले, "वहिनी रोज भिंतीवरून पाइप टाकत होती. आमचं टाकं भरे."

पाइप मी रोज पाहायचो. वाटायचं, बाई झाडांना पाणी देते.

"मंग मले आवाज द्याचा ना!"

"तुमच्या घरचं माणूस गेलं, भाऊ. त्यात मी पाणी मांगू?"

दुसऱ्या दिवसापासून पाइप मी टाकू लागलो. टाकं भरलं की पलीकडून हाक यायची, "बस, भाऊ! मोटर जळन तुमची!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी हाक आली नाही. टाकं वाहत राहिलं. मी भिंतीवरून डोकावलो, तर वामनराव खाटेवर होते. गेलेले.

शेवटच्या आंघोळीला त्याच टाक्यातलं पाणी घेतलं. बाहेरगावाहून आलेला त्यांचा मुलगा हात जोडून म्हणाला, "काका, बाबाले पाण्याची लय मदत झाली तुमची."

माझी मान वर झाली नाही. जमिनीखालून त्यांचंच पाणी ओढून मी त्यांना देत होतो.