चूलबंद आवतण

करंजवाडी सांगलीच्या हद्दीला चिकटली, त्याला फार दिवस झाले नव्हते. पुढच्या अंगाला विजेचे खांब आले, मागच्या अंगाला उसाचे फड होते तसेच राहिले. या वाडीत आवतण द्यायचं काम हरिबा गुरवाकडं. लग्न असो, बारसं असो, बाराव्याचं जेवण असो, खांद्यावर उपरणं टाकून तो दारोदार जायचा आणि उंबऱ्याशी उभा राहून, देवळात बोलावं तसं सावकाश बोलायचा. हरिबानं आवतण दिलं आणि पंगत रिकामी राहिली, असं कधी घडलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता, आणि तो झाकून ठेवायची त्याला गरज वाटत नव्हती.

अठ्ठ्याहत्तर साली विधानसभेचं मतदान आलं. तोवर मत द्यायला वाडीला पूल ओलांडून शहरातल्या शाळेत जावं लागे. गडीमाणसं बाजार उरकता उरकता देऊन येत. बाया घरीच राहत. हरिबाच्या बायकोचे, साळूबाईचे, गुडघे धरलेले. तिनं एकदाही मत दिलं नव्हतं. शाई लावून आलेल्या नवऱ्याचं बोट ती दर खेपेला हातात घेऊन बघायची आणि सोडून द्यायची.

यंदा मात्र पेटी वाडीच्याच शाळेत येणार होती. कचेरीचा माणूस बजावून गेला, "निम्मी तरी मतं पडू द्या. नाहीतर पुढच्या खेपेला पुन्हा पूल."

"निम्मी?" हरिबाला हसू आलं. "आवतण मी देतोय न्हवं?"

आदल्या दिवशी तो प्रत्येक दाराशी उभा राहिला. जिभेवर बसलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं. "उद्या शाळेत मतदान हाय. घरटी माणूस यायचं."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हरिबानं मत दिलं आणि शाळेपुढच्या लिंबाखाली बसून तो येणारी माणसं बघत राहिला. प्रत्येक घर आलं. दुपारी रांग आटली. पेटीबरोबर आलेले वाईचे गंगाधर मास्तर दारात येऊन म्हणाले, "काय हो, संपली तुमची वाडी? चौथा हिस्सासुद्धा झाला नाही. बायका तर औषधालाही नाहीत."

"आसं कसं? एक घर ऱ्हायलं न्हाई."

"घरं मत देत नाहीत. माणसं देतात."

हरिबा तडक घरी आला. साळूबाई ओसरीवर लसूण सोलत बसली होती.

"तू गं? गेली न्हाईस व्हय?"

"आवं, मी कशाला जाऊ? आपल्या घरचं तुमी जाऊन आलासा की. घरटी आवतण दिलंय तुमी. वर आनि मीबी गेले तर लोक म्हणतील, गुरवाच्या घरात खायाला न्हाई."

हरिबा होता तिथंच उभा राहिला. वाडीत आवतणाच्या दोन तऱ्हा. घरटी म्हटलं की घरातल्या एकानं जायचं, दुसरा गेला तर घराची शोभा होते. चूलबंद म्हटलं की तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी जायचं आणि त्या वेळेला चूल पेटवायची नाही. वाडीनं आवतण पाळलं होतं. चुकला होता तो हरिबा.

वाटेत पेन्शनीत निघालेला सुभेदार मानसिंग भेटला.

"ऑर्डर तशी होती, हरिबा. आमी तामील केली."

"आता चूलबंद सांगतो."

"सांग. पर मग जेवायला घालावं लागंल, गड्या."

"मतदानाला कुठं जेवान असतंय रं?"

"मग चूलबंद म्हणू नगंस."

दारोदार समजावून सांगायला वेळ नव्हता. शिवाय हरिबाला समजावून सांगता येत नसे. त्याला आवतण देता येई. तो पहिल्या उंबऱ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "शाळेत यायचं. चूलबंद."

बायांनी संध्याकाळच्या चुलीसाठी काढलेलं जळण पुन्हा कोपऱ्यात रचून ठेवलं, नवी लुगडी नेसली, पोरं काखोटीला मारली. रांग शाळेतून निघून पाटापर्यंत गेली. साळूबाई काठी टेकत आली. तट्ट्याच्या आडोशाला ती इतका वेळ उभी राहिली की मास्तर खाकरले.

"आजी, झालं का?"

"थांबा की वाईच. पयल्यांदाच आलेय."

दार बंद झालं तेव्हा मतं निम्म्याच्या बरीच वर गेली होती. मास्तरांनीच बाहेर येऊन सांगितलं, "राहिलं तुमचं केंद्र." मग त्यांना पटांगणात ओळीनं मांडी घालून बसलेली वाडी दिसली.

"हे का बसलेत?"

"जेवायला," हरिबा म्हणाला.

मास्तरांचा चेहरा उतरला. "अहो, मतदाराला जेवू घालणं गुन्हा आहे! कुठल्या उमेदवाराचं जेवण?"

"कुनाचं न्हाई. आवतणाचं."

"कुणाचंही असो. पेटी इथं आहे तोवर पान मांडायचं नाही."

वाडी बसून राहिली. पेटीवर लाख ओतली जात होती तेव्हा सगळी वाडी त्या लाखेकडं बघत होती. जीप पुलाकडं गेली, धुरळा बसला आणि हरिबानं कणगी उघडली. सुगीला घराघरातून मिळालेलं त्याचं वर्षाचं धान्य त्याच घरांसाठी देवळाच्या मोठ्या भांड्यात शिजलं.

भात वाढत वाढत तो बायांच्या ओळीत साळूबाईपाशी आला आणि हळूच म्हणाला, "आगं, कणगीचा तळ दिसाया लागलाय."

साळूबाईनं शाईचं बोट भातात जाऊ नये म्हणून उचलून धरलं होतं. तिनं पत्रावळ पुढं सरकवली.

"दिसू द्या. आवतण मलाबी हाय. वाढा."