तिसरा डिस्प्ले

माझं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं. सुरतमधल्या कापड व्यापाऱ्यांच्या ऑफिसांमध्ये नेटवर्क टाकणं, प्रिंटर चालू करणं, कुणाचा लॅपटॉप बसला की उठवणं... त्यामुळे भूत, बाधा वगैरे कुणी बोलायला लागलं की मी सरळ हसायचो. "रिस्टार्ट करून बघितलं का?" हा माझा ठरलेला विनोद. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही मी मनात कारणं शोधायचो. आता लिहायला बसलोय ते मला स्वतःला एकही कारण सापडलेलं नाही म्हणून.

माझी मोठी बहीण, वैशालीताई, सुरतेतच डिंडोलीत राहते. दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट — ती, दाजी आणि तिची सासू. सासूबाईंना सगळे माय म्हणतात, मीसुद्धा. त्या अमळनेरकडच्या, इतकी वर्षं सुरतेत काढूनही बोलणं अहिराणीच. दिलीपदाजी साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं करायचे, घरूनच. आतल्या खोलीत टेबल, त्यावर लॅपटॉप, डॉकिंग स्टेशन आणि मोठा मॉनिटर. डॉक म्हणजे एक छोटी डबी — लॅपटॉपची एकच वायर त्यात घालायची, की मॉनिटर, कीबोर्ड, माऊस सगळं जोडलं जातं. ते सगळं मीच बसवून दिलं होतं.

मागच्या वर्षी एका दुपारी दाजी "सॅम्पल देऊन येतो, आल्यावर चहा घेऊ" म्हणून पर्वत पाटियाच्या कापड मार्केटला गेले ते परत आलेच नाहीत. फोन बंद. बाईक मार्केटच्या पार्किंगमध्ये सापडली, लॉक केलेली, हेल्मेट आरशाला लटकवलेलं. सॅम्पल पोचलंच नव्हतं. भांडण नाही, व्यसन नाही... माणूस जणू पुसून टाकला.

महिनाभराने ताईने त्यांचं राहिलेलं काम हातात घेतलं. तिला रंग भरण्यापुरतं येत होतं. तिचा फोन आला, "नितीन, मोठा स्क्रीन बिघडलाय रे. सगळं जाडंजाडं, पसरट दिसतंय. डोळे दुखतात."

रविवारी दुपारी गेलो. रिझोल्यूशन एकदम खाली आलं होतं आणि वर जायलाच तयार नाही, यादीत मोठा पर्यायच नाही. असं होतं, नवीन काही नाही. केबल बदलली. दुसऱ्या पोर्टमध्ये घातली. ड्रायव्हर काढून परत टाकला. मॉनिटर सरळ लॅपटॉपला लावला तर चित्र स्वच्छ! म्हणजे घोळ डॉकमध्ये. मी म्हटलं, "ताई, डबी गेलीये. ऑफिसमधून दुसरी आणतो."

पण डॉक लावला की सेटिंगमध्ये तीन चौकोन दिसत होते. 'एक' म्हणजे लॅपटॉप, 'दोन' म्हणजे मॉनिटर... आणि 'तीन'. तिसरा स्क्रीन घरात नव्हताच. टीव्ही बाहेरच्या खोलीत, तोही जुना डब्बा. शेजाऱ्याचा वायरलेस टीव्ही पकडला असेल म्हणून वायफाय बंद केलं. चौकोन तिथेच. मग मी दोन आणि तीन एकसारखं दाखव असं केलं, म्हणजे तिसऱ्यावर काय आहे ते मॉनिटरवर दिसेल.

मॉनिटर काळा झाला, आणि मग चित्र आलं. अगदी खालचं रिझोल्यूशन, रंगांचे नुसते ठोकळे. पण समजत होतं. खोली. वरून ट्यूबलाइट. टेबलाशी पाठमोरा बसलेला माणूस, गुलाबी शर्ट.

ताई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "हे आहेत."

"ताई, काहीतरी व्हिडिओ असेल..."

"गुलाबी शर्ट घालून गेले होते."

तेवढ्यात त्या माणसाने मान आधी डावीकडे, मग उजवीकडे मोडली. दाजी काम करताना दर थोड्या वेळाने अशीच मान मोडायचे. कडकड आवाज यायचा आणि ताई चिडायची. इथे आवाज नव्हता, पण हालचाल तीच.

माय भिंतीला धरत आत आल्या. मोतीबिंदूचे डोळे, तरी क्षणात लेकाला ओळखून म्हणाल्या, "हाऊ मना आंडोर शे! मना दिल्या!"

त्या दिवसापासून माय त्या स्क्रीनसमोरून हलल्या नाहीत. ताट तिथेच, झोपणं तिथेच जमिनीवर. मॉनिटर बंद करू द्यायच्या नाहीत. दिवसभर त्या पाठीशी बोलायच्या — गावाकडे कोण वारलं, कुणाचं लग्न ठरलं, गुडघा किती दुखतो. मी एकदा स्वतः बघितलं. माय म्हणाल्या, "दिल्या, जेवना का रे?" आणि तो ठोकळ्यांचा माणूस, पाठमोराच, मान हलवून 'हो' म्हणाला.

खरं सांगतो, तेव्हा माझाही विश्वास बसला. कुणीतरी त्यांना कोंडून ठेवलंय आणि कुठला तरी कॅमेरा चुकून आपल्याला दिसतोय, असंच वाटायला लागलं. ताईने पोलीस आणला. तो चहा पिऊन, स्क्रीनकडे बघून म्हणाला, "बेन, आ तो कोई सिरियल छे." आणि गेला.

मग ताईने माझा हात धरला. "नितीन, हे साफ कर. साफ दिसलं तर भिंतीवर काय लिहिलंय, खिडकीबाहेर काय आहे, ते कळेल. कुठे आहेत ते कळेल. तुला येतं हे. एवढं कर."

मी ऑफिसमधून नवा, भारी डॉक आणला. माय आडव्या आल्या, त्यांना दिसत होतं तेवढं पुरेसं होतं. "माले दखास ना, भाऊ. ऱ्हाऊ दे." ताई त्यांच्यावर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा. मायचा हात धरून तिने त्यांना खुर्चीवरून उठवलं, जवळजवळ ओढलंच.

डॉक बदलला. तिसरा चौकोन तसाच होता, आणि आता यादीत सगळे मोठे पर्याय आले होते. मी सगळ्यात वरचा निवडला. स्क्रीनवर नेहमीचा प्रश्न आला — हे सेटिंग ठेवायचं का? काही सेकंदांत उत्तर दिलं नाही तर आपोआप जुनं सेटिंग परत येतं.

त्या प्रश्नाच्या चौकटीमागे चित्र स्वच्छ झालं होतं.

ती खोली आम्ही उभे होतो तीच होती. तोच पोपडा आलेला कोपरा, तोच बंद पडलेला पंखा. गुलाबी शर्ट दाजींचाच, खिशावरचा शाईचा डागसुद्धा. पण तो माणूस आता पाठमोरा नव्हता, आमच्याकडे तोंड करून बसला होता. आणि ते दाजी नव्हते. पन्नाशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, मी कधीही न पाहिलेला माणूस. बराच वेळ आमच्याकडे बघत बसल्यासारखा निवांत. त्याने मान मोडली. डावीकडे, उजवीकडे... अगदी सावकाश, शाळेत पोरं मास्तरची नक्कल करतात तशी. मग मायकडे बघून तोच होकार दिला, पुन्हा पुन्हा, आणि हसायला लागला. आवाज नाही. नुसते दात आणि हलणारे खांदे.

ताई किंचाळली. माय पुढे वाकून बघत होत्या. "हाऊ कोन शे? मना दिल्या कोठे गया?"

माझा हात माऊसवर होता, पण बोट हललं नाही. सेकंद संपले. जुनं सेटिंग यायला हवं होतं... मॉनिटर काळा झाला आणि 'नो सिग्नल'. परत चालू केल्यावर चौकोन दोनच. तिसरा आजपर्यंत आला नाही.

पुढच्याच आठवड्यात खाडीत मृतदेह सापडला. बोटातल्या अंगठीवरून आणि नंतरच्या तपासणीवरून दाजीच ठरले. डॉक्टर म्हणाले, ज्या दिवशी बेपत्ता झाले त्याच सुमाराला गेले असावेत. पँट, पट्टा, बूट सगळं अंगावर होतं. शर्ट नव्हता. कुणी मारलं, का, काही समजलं नाही.

माय रडल्या नाहीत. दहाव्याला गेल्या नाहीत. "तो खाडीवाला कोन्हा तरी दुसराना आंडोर," एवढंच म्हणाल्या. मी गेलो की माझ्यासमोर हात जोडतात. म्हाताऱ्या माणसाने जोडलेले हात बघवत नाहीत. "भाऊ, पहिले व्हतं तसं करी दे. अंधुक. त्यामा मना दिल्या व्हता."

मी केलं नाही असं समजू नका. जुना डॉक, जुनी केबल, तोच लॅपटॉप, तोच पोर्ट, सगळ्यात खालचं रिझोल्यूशन. माझ्या क्षेत्रातल्या लोकांना विचारलं. कुणी म्हणालं डॉकच्या मेमरीत जुन्या स्क्रीनची माहिती अडकली असेल, कुणी म्हणालं शेजारचा कॅमेरा. खोली ताईच्याच घरातली होती, हे सांगितलं की विषय बदलतात.

शेवटी ताईलाच राहवलं नाही. तिच्या मोबाईलमध्ये दाजींचा एक व्हिडिओ होता, घरातच काढलेला. दाजी टेबलाशी बसलेत, मागे वळून हसतात आणि म्हणतात, "माय, चहा टाक ना." तिने तो मोठ्या मॉनिटरवर लावला, मायना आवडतो तसा अंधुक करून, आणि त्यांना खुर्चीवर बसवलं.

माय बघत राहिल्या. दाजी वळले, हसले, माय म्हणून हाक मारली. व्हिडिओ परत पहिल्यापासून सुरू झाला.

"दिल्या, जेवना का रे?" मायने विचारलं.

दाजी चहा मागत राहिले.

मायने तोंड फिरवलं. "बंद कर व पोरी," त्या ताईला म्हणाल्या. "हाऊ मना दिल्या नही शे."