चालायला सांगितलेला म्हातारा

सासूबाईंचे रिपोर्ट मिळायचे होते, म्हणून गोंदियाच्या दवाखान्यात बाकावर बसून मी उद्याच्या कामांचा क्रम लावत होते. समोर दवनीवाड्याकडचा एक म्हातारा भिंतीला बोटं टेकवत फेऱ्या मारत होता. पाय सुजलेले होते. थोडं चालला की थांबून दम घेई.

"मामाजी, बसा न जी! पडान," त्याची सून ओरडली.

"डॉक्टरनं बसाले नाही, चालाले सांगतलं," तो हसला आणि धापा टाकत माझ्याशेजारी टेकला. त्याचं हृदय कमजोर झालं होतं. गोळ्या घ्या, मीठ कमी करा आणि झेपेल तेवढं रोज चाला, असं डॉक्टरांचं सांगणं होतं.

"माह्या बापाले हेच होतं, बाई," तो म्हणाला. "तवाचा डॉक्टर म्हणे, खाटेवरून उठू देऊ नका. बाप रोज म्हणे, बांधीपर्यंत जातो, धान पाहून येतो. मी त्याची काठीच लपवली. खाटेवरच गेला."

बोलताना त्याचा तळवा गुडघ्यावर सारखा फिरत होता.

"तेव्हा डॉक्टरांनाही तेवढंच माहीत होतं," मी म्हणाले. "पडून राहिलं की हृदयाला आराम मिळतो, असंच सगळे मानत. आता ती समज बदलली."

"डॉक्टराले मालूम नोहतं," तो म्हणाला. "पण बाप तं रोज सांगत होता."

थोड्या वेळानं तो पुन्हा उठला. या वेळी सुनेनं त्याला अडवलं नाही.