आईनं सांगितलेलं शून्य

“मावशी, गवार निवडायची नाहीये इथं. गणित आहे हे. बसा खाली.”

सर असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. हसणारी मुलं नव्हती, पालक होते. पिंपळे सौदागरच्या मोठमोठ्या सोसायट्यांमधून शनिवारच्या पालकसभेला आलेले. शेवटच्या बाकाशी कंपनीचा निळा कोट घातलेली एक बाई उभी होती, ती खाली बसली. ती माझी आई. आणि फळ्यावरचं ते गणित मी रचलं होतं.

माझं कामच ते. गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि या क्लासमध्ये लागले. शिकवायला नाही. सरांना दर शनिवारी फळाभर पसरलेलं एक गणित लागायचं, बघूनच पोटात गोळा यावा असं. उत्तर मात्र साधं, एक नाहीतर शून्य. सर एखाद्या पालकाला उभं करायचे. तो गडबडला की म्हणायचे, “तुम्हालाच येत नाही, मग घरी शिकवणार कोण?” मग दोन मिनिटांत स्वतः सोडवून दाखवायचे. फॉर्म भरायला रांग लागायची.

मला त्या कामाचा गर्व होता, खोटं कशाला बोलू. शून्य घ्यायचं आणि त्याच्यावर वर्गमुळं, घातांक, लॉग असे थर चढवायचे. त्या शनिवारी मधल्या कंसात मी एकच लांबलचक राशी दोनदा लिहिली होती. दुसऱ्यांदा पदं मागंपुढं करून. मध्ये वजा. म्हणजे कंस शून्य, आणि बाकी सगळं त्या कंसानं गुणलेलं, म्हणून तेही शून्य.

आई चौथी शिकलेली. चाकणला रबराचे सील बनवणाऱ्या कंपनीत तपासणीला होती. समोर चांगला नमुना ठेवायचा आणि हातातला पीस त्याच्याशी ताडून बघायचा, आठ तास. मी क्लासमध्ये कामाला म्हणून सर माझ्या धाकट्या बहिणीला तिथं फुकट घेणार होते, पण सभेला आईनं बसायलाच हवं होतं. सरांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी तिला बजावलं होतं, “मागं बस. माझी ओळख दाखवू नकोस.” सरांच्या आधी तिला मीच खाली बसवलं होतं.

सरांनी नेमकं तिलाच उभं केलं. बाकीच्या बायकांना मॅडम म्हणायचे, तिला मावशी. ती फळ्याकडं टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, “ह्या कंसात आधीचं आन् नंतरचं एकच हाय की. नुसतं मागंपुढं केलंय. एकातनं एक गेलं, मग काय उरतंय?”

बरोबर. अगदी बरोबर. सरांनाही ते कळलं. म्हणूनच ते गवारीचं बोलले आणि घाईनं फळा पुसला. मी दाराशी हजेरीचा कागद धरून उभी होते. नोकरी जाईल, बहिणीची जागा जाईल. मी तोंड उघडलं नाही.

दापोडीला घरी आल्यावर भाकरी थापताना तिनं विचारलं, “माझं चुकलं व्हय गं?”

“नाही.”

“मग तू बोलली का न्हाईस?”

त्या आठवड्यात तिच्या टेबलावर पीसांचे ढीग साठले. माझं ‘नाही’ तिला खरं वाटलं नव्हतं; प्रत्येक पीस ती तीन-तीनदा बघत होती. सुपरवायझरनं तिला तपासणीवरून काढून पॅकिंगला उभं केलं. ज्या डोळ्यांवर आमचं घर चाललं, त्या डोळ्यांवरचा तिचा विश्वास गेला. तो मी घालवला.

पुढच्या शनिवारी सरांनी नवं गणित मागितलं. मी तेच दिलं, नुसती अक्षरं बदलून. त्यांनी या वेळी खाकी कपड्यातल्या एका रिक्षावाल्याला उभं केलं. तो घाम पुसायला लागला. मी पुढं गेले, सरांच्या हातातलं मार्कर घेतलं आणि मधल्या कंसावर आडवी रेघ मारून शून्य लिहिलं.

“हे मी रचलंय. तुम्हाला घाबरवायला. गेल्या शनिवारी एका बाईनं याचं बरोबर उत्तर दिलं, तर तिला हसून खाली बसवलं. ती माझी आई आहे.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सर म्हणाले, “बाहेर हो.” मी झाले. नोकरी गेली, बहिणीची जागाही गेली. रिक्षावाल्यानं तरीसुद्धा फॉर्म भरला, हे मला मागाहून कळलं.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आता सांगून काय उपेग?” खरंच आहे तिचं. ती अजून पॅकिंगलाच आहे. मी रोज एक भयंकर गणित रचून तिच्यापुढं ठेवते. ती कागद बघतसुद्धा नाही. मी दुसऱ्या दिवशी दुसरं ठेवते. गल्लीतल्या पोरी येतात, त्यांना मी हे थर कसे चढवतात ते उघडून दाखवते.

येत्या शनिवारी बहिणीच्या शाळेत पालकसभा आहे. आई नको म्हणतेय. मी तिला नेणार. निळ्या कोटातच नेणार. पहिल्या बाकावर बसवणार, आणि कुणी विचारायच्या आधी मोठ्यानं सांगणार, ही माझी आई. तिला कुणी खाली बस म्हणालं, तर आधी मी उभी राहणार.