जीपचं पहिलं पाणी

हिवाळ्यात आमच्या घरी सकाळचं पहिलं गरम पाणी जीपला. माणसांच्या आंघोळी नंतर. जीप जुनी, डिझेलची. तिचा इंजिन तापवायचा हीटर केव्हाच जळालेला आणि बॅटरी म्हणजे नुसतं ओझं. म्हणून संध्याकाळी रेडिएटरचं पाणी सोडून द्यायचं आणि सकाळी त्यात कढत पाणी ओतायचं. मग इंजिन जरा ऊब धरायचं आणि दोन-तीन झटक्यांत सुरू व्हायचं. शिरपूरच्या मंदिरात येणाऱ्या लोकांची मी वाशीमपर्यंत ने-आण करायचो. पहिली खेप हुकली की दिवस वाया गेला, असं मी घरात सगळ्यांना ऐकवायचो. सगळे म्हणजे माय. घरात आम्ही दोघंच.

पाणी मायच तापवायची. घरात गॅस होता, पण गाडीच्या पाण्यासाठी गॅस जाळायला तिचं मन घेत नसे. अंगणातल्या चुलीत दवानं ओल्या झालेल्या तुराट्या सारून ती फुंकत बसायची आणि धुरानं खोकायची. मी गोधडीतून ओरडायचो, "झालं काय वं पानी?" एवढाच माझा हातभार.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी तसाच ओरडलो आणि उत्तर आलं नाही. बाहेर आलो तर माय चुलीजवळ भिंतीला टेकून बसलेली. तोंड उघडं, ओठ निळसर, श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज. दम्याचा पंप हातात होता. तो मारून झाला होता आणि त्यानं काहीच फरक पडला नव्हता. मी अँब्युलन्सला फोन लावला. ती दुसरा पेशंट घेऊन अकोल्याला गेली होती.

मी बादलीभर गार पाणी रेडिएटरमध्ये ओतलं आणि चावी फिरवली. इंजिन दोनदा कण्हलं आणि बॅटरीनं मान टाकली.

"चुलीवरचं टाक..." माय एकेक शब्द ओढत म्हणाली, "कोमट झालं असन."

"तू गप बस!" मी खेकसलो. मला तिचा राग आला होता. मरायला टेकली तरी हिला जीपच्या पाण्याची पडलेली. मग मी गल्लीत जाऊन बोंब ठोकली. चार शेजारी धावत आले, त्यांनी गल्लीच्या उतारावर जीप लोटली आणि ती भकाभका धूर सोडत सुरू झाली. मायला मागच्या सीटवर बसवलं आणि निघालो. वाटेत एकदाही पाय ॲक्सिलरेटरवरून काढला नाही. गाडी बंद पडली तर पुन्हा लोटायला कोण होतं?

वाशीमच्या रस्त्यावर एक छोटा दवाखाना लागतो. जीप फाटकात चालूच ठेवली आणि मायला उचलून आत नेलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, छाती तपासली आणि मला विचारलं, "घरी चुलीवर स्वयंपाक होतो का?"

"नाही, गॅस आहे," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. जीपच्या पाण्यासाठी पेटणाऱ्या चुलीचं मात्र मला सांगता आलं नाही. माय माझ्याकडे पाहत होती.

डॉक्टर म्हणाले, इथं होण्यासारखं नाही, ताबडतोब वाशीमला न्या. सोबत छोटं सिलिंडर दिलं. अर्धा तास पुरेल, म्हणाले, वाटेत कुठं थांबू नका. नर्सच्या मदतीनं मायला धरून बाहेर आणलं. बाहेर सगळं शांत होतं. जीपचा आवाज नव्हता.

फाटकावरचा म्हातारा चौकीदार चावी घेऊन पुढे आला. चांगलं काम केल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. "गाडी चालूच ठेवून गेलते ना, भाऊ. फुकटचं तेल जळून राह्यलं होतं. म्या बंद केली."

मी त्याच्या हातातून चावी घेतली. मायला सीटवर बसवून, सिलिंडर शेजारी ठेवून मी चावी फिरवली. टक् असा एक आवाज आला, बस. नर्सला आतून बोलावणं आलं आणि ती पळाली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. जमीन सपाट.

"लोटा," मी म्हातारबाला म्हणालो. तो मागून भिडला. मी दार उघडं ठेवून, एक हात स्टिअरिंगवर आणि खांदा दाराच्या खांबाला लावून रेटायला लागलो. जीप तसूभर हलायची आणि परत जागेवर यायची. म्हातारा धापा टाकायला लागला. "अजून एक मानूस पायजे, भाऊ," तो म्हणाला. मला रडू फुटलं, आणि मी रडत रडतच रेटत राहिलो.

तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला. मायनं तोंडावरचा मास्क बाजूला केला होता.

"म्या उतरू काय रे?" ती म्हणाली. "तेवढीच हलकी होईन."

मी वळून पाहिलं. तिनं एक पाय खाली सोडला होता आणि चप्पल शोधत होती.