सासूला बर्फात कशाला?

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीच्या टोकाला मालुबाई राहतात. मूळच्या रानालगतच्या गुंजी गावच्या. नवरा भावकू गेल्यावर काही वर्षं त्यांनी तिथली शेती एकटीनं ओढली, मग मुलगा आदर्श त्यांना बेळगावला घेऊन आला. आदर्श उद्यमबागेत एका फौंड्रीत इंजिनिअर आहे. सून ऋचा शाळेत विज्ञान शिकवते, तिचं माहेर निपाणीचं. मालुबाईंचा अर्धा जीव मात्र गुंजीतच राहिला. अधूनमधून सकाळची गाडी धरून जायच्या, काजूची झाडं बघायच्या आणि अंधार पडायच्या आत परत यायच्या.

बाई मनानं चांगली, पण संशयी. दूधवाल्यानं हसून नमस्कार केला की त्या दूध तापवून साय किती येते ते बघायच्या. रानात गवा कुठल्या झुडपाआड उभा असेल ते सांगता येत नाही, तिथं वाढलेल्या माणसाला संशय धरावाच लागतो, असं त्यांचं म्हणणं.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. रात्रीच्या जेवणाला तिघं बसले होते. ऋचा म्हणाली, जानेवारीत मी परत केदारकंठाला जायचं म्हणतेय, आणि आत्ती, तुम्ही माझ्याबरोबर चला. सासूला ती आत्तीच म्हणायची.

केदारकंठा म्हणजे उत्तराखंडातलं शिखर. हिवाळ्यात बर्फानं भरलेलं असतं. खालच्या गावातून चालत निघायचं, वाटेत तंबूत मुक्काम करायचे आणि शेवटच्या दिवशी पहाटे उठून टोक गाठायचं. आदर्श आणि ऋचा गेल्याच वर्षी तिथं जाऊन आले होते. हॉलमध्ये टीव्हीच्या वर तो फोटो लावलेला आहे. निळंभोर आभाळ, पायाखाली बर्फ आणि हात वर केलेला आदर्श. आल्यागेल्याला तो सांगायचा, फोटो ऋचानं काढलाय.

मालुबाईंना आधी वाटलं, सून चेष्टा करतेय. मग त्यांनी मुलाकडं बघितलं. आदर्शनं घास तोंडाशी धरून ठेवला होता. आईला कशाला, एवढंच तो बोलला. ऋचा त्याच्याकडं बघत राहिली. मग तो घाईघाईनं म्हणाला, जा की आई, बरं वाटेल तुला, मी घर सांभाळतो.

त्या घाईनं मालुबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या रुक्माबाईंना सांगितलं, आणि रुक्माबाईंनी त्यात तेलच ओतलं. सुना सासूला फार तर गोकाकचा धबधबा दाखवतात, बर्फात कुणी नेतं का? आणि तेवढे दिवस घरात आदर्श एकटा काय करणार? मालुबाईंना मग आठवलं की पावसाळ्यात आदर्श एका अनोळखी माणसाला घेऊन गुंजीच्या शेतात गेला होता. दोघं बांधावर उभं राहून हातवारे करत होते, असं भाऊबंदांनी कळवलं होतं. आजकाल गोव्याकडचे लोक रानालगतच्या जमिनी बघत फिरतात. आपल्याला हिमालयात धाडून इकडं जमिनीचा सौदा करायचा दोघांचा बेत असेल तर?

ऋचानं पुढं डॉक्टरांकडं नेऊन छातीचा ईसीजी काढून घेतला, रक्त तपासलं, वर प्रवासाचा विमा उतरवला. विमा म्हटल्यावर मालुबाईंनी विचारलं, ह्यो कशाला? ऋचा म्हणाली, सगळ्यांचाच काढतात, माझाही काढलाय. मालुबाईंनी मान हलवली, पण रात्री बराच वेळ छताकडं बघत पडून राहिल्या.

तरी त्यांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर बेत काय होता ते कळलंच नसतं. बरोबर राहूनच लक्ष ठेवायचं त्यांनी ठरवलं.

तयारी सुरू झाली. कॅम्पातल्या दुकानातून घोट्यावर येणारे बूट आले. ते घरात घालून फिरायचे म्हणून मालुबाई बूट घालून भाकऱ्या थापायच्या. आतून घालायचे गरम कपडे, लोकरीची टोपी, दोन जोड हातमोजे. हातमोज्यांच्या बाबतीत ऋचा फार हट्टी होती. एक जोड तिला पातळ वाटला म्हणून परत दिला, दुसऱ्याची शिवण सुटेल म्हणाली, तिसरा दोनदा घालून काढून बघितला. मालुबाई हे सगळं बघत होत्या. स्वतःच्या हातांची एवढी काळजी सून घरात कधी करत नव्हती.

सुनेच्या मनात काय आहे ते तिच्या माहेरी कळेल म्हणून एक दिवस त्यांनी निपाणी गाठली. घरी सांगितलं गुंजीला जातेय म्हणून, आणि निपाणीच्या बसमध्ये बसल्या. संकेश्वरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा आत उसाच्या मळीचा वास भरला. आपण कुणाच्या घरात काय हुडकायला निघालोय, असं त्यांच्या मनात आलं. पण उतरून परत फिरल्या नाहीत.

ऋचाची आई अंबुबाई साधी बाई. विहीण अचानक दारात बघून गोंधळली, चहा टाकला, चिवडा काढला. मालुबाई इकडचं तिकडचं बोलत बर्फावर आल्या. गेल्या वर्षीची सहल कशी काय झाली वो, पोरीनं आम्हाला काही धड सांगितलं न्हाय, असं म्हणाल्या.

अंबुबाई म्हणाल्या, "आम्हाला तरी कुठं सांगितलं? परत आली ती सरळ हितंच आलती, एकटी. बोटं सुजून निळी पडलीवती. चार दिवस तिला चहाचा कप धरायला येत नव्हता. जावईबापूंचा रोज फोन यायचा, ही उचलायची न्हाय."

मालुबाईंच्या हातातला चिवडा हातातच राहिला. त्यांना आठवलं, त्या वेळी आदर्श एकटाच घरी आला होता. ऋचाला शाळेची सुट्टी शिल्लक आहे म्हणून ती माहेरी गेलीय, असं त्यानं सांगितलं होतं. कप धरता येत नाही अशा बोटांनी ह्या पोरीनं तो टीव्हीवरचा फोटो कसा काढला?

परतीच्या बसमध्ये त्यांचा संशय जागचा हलला. सकाळी जाताना तो सुनेवर होता. येताना तो कुणावर बसला होता ते त्यांना स्वतःशीही बोलवेना.

येळ्ळूरचा राजहंसगड वडगावपासून जवळ. रविवारी सकाळी दोघी सराव म्हणून पाठीवर पिशव्या घेऊन तिथं जायच्या. ऋचा पुढं चालायची, पण सारखी मागं वळून बघायची. इतकी की मालुबाईंना राग यायचा. मी काय वासरू हाय का, दोरी सोडून जायला, असं त्या एकदा म्हणाल्याही होत्या.

निपाणीहून आल्यानंतरच्या रविवारी मालुबाईंनी एक गोष्ट केली. चढणीच्या एका वळणावर मोठा धोंडा आहे. ऋचा वळणापलीकडं गेल्यावर त्या धोंड्याआड बसल्या आणि गप्प राहिल्या. सून काय करते ते त्यांना बघायचं होतं.

थोड्या वेळानं वरून हाक आली. आत्ती! मालुबाई बोलल्या नाहीत. परत हाक आली, आणि मग पळत खाली येणाऱ्या पावलांचा आवाज. ऋचा सुटलेल्या दगडांवरून घसरत, हात खरचटून घेत खाली आली. धोंड्याआड मालुबाई धडधाकट बसलेल्या दिसल्यावर तिनं त्यांचा दंड घट्ट धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बोलला का न्हाई तुम्ही?" ती म्हणाली. "मी हाक मारली ती ऐकू आली न्हाई व्हय?"

"ऐकू आली," मालुबाई म्हणाल्या. "मला बघायचं होतं, तू येतीस का न्हाय ते."

ऋचा तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. मालुबाईंनी तिला पाण्याची बाटली दिली. थोडी शांत झाल्यावर त्यांनी सरळच विचारलं, "गेल्या वर्षी तू टोकावर गेलीच न्हाईस, व्हय न्हवं?"

मग तिनं सांगितलं. शेवटच्या चढाला तिला धाप लागली, बोटं बधिर झाली. वाटाड्या पुढच्या लोकांबरोबर निघून गेला होता. आदर्शनं तिला एका खडकापाशी बसवलं, दोन मिनिटांत आलो म्हणाला, आणि वर गेला. ती बसून राहिली. वारा एवढा होता की स्वतःची हाक स्वतःला ऐकू येईना. आदर्श आलाच नाही. दुसऱ्या कुठल्या तरी गटातली एक बाई उतरत होती. तिनं हिला उठवलं, स्वतःचे हातमोजे दिले आणि तंबूपर्यंत आणलं. आदर्श नंतर तंबूत आला तो आनंदात. म्हणाला, तूच तर म्हणालीस जा म्हणून. ती तसं म्हणाली नव्हती. फोटो दुसऱ्याच कुणीतरी काढलेला होता.

"कुणाला सांगितलं का न्हाईस?"

"तुमचा मुलगा आहे तो, आत्ती. तुम्हाला काय सांगू? आणि आईला सांगितलं असतं तर तिनं मला परत पाठवलंच नसतं."

"मग मलाच का न्यायला निघालीस?"

ऋचानं खरचटलेल्या हातावरची माती पुसली. मग म्हणाली, "मला ती जागा परत बघायचीय. एकटीनं धीर होत न्हाई. मैत्रिणी टोकावर जायला येतील. तुम्ही माझ्यासाठी थांबाल असं वाटलं."

त्या दिवशी दोघी गडावर गेल्याच नाहीत. तिथूनच घरी आल्या.

मालुबाई आठवडाभर मुलाशी कामापुरतंच बोलल्या. मग त्याला काजूच्या बागेतलं गवत काढायचंय म्हणून गुंजीला घेऊन गेल्या. परतीची गाडी यायला वेळ होता. स्टेशनच्या बाकावर दोघंच होते, तेव्हा त्यांनी विषय काढला. आदर्शनं आधी हसण्यावारी नेलं, मग कुणी सांगितलं म्हणून विचारलं, मग वाटाड्याचा दोष सांगितला. मालुबाई त्याला मध्ये न तोडता ऐकत राहिल्या. शेवटी तो थांबला.

"ती जा म्हणाली होती का?"

आदर्श रुळांकडं बघत राहिला. "न्हाय," तो म्हणाला. "टोक दिसत होतं, आई. एवढं जवळ. मला वाटलं, पटकन जाऊन येतो. वर गेल्यावर थोडा वेळ... ती ध्यानातच आली न्हाय."

मालुबाईंना वाटलं होतं, खरं कळल्यावर राग येईल. राग आला नाही, भीती वाटली. हा पोरगा त्यांनी वाढवला होता. तापात त्याच्या उशाशी बसल्या होत्या. आणि हे त्याच्यात कधी, कुठून आलं, ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी जमिनीचंही विचारून घेतलं. तो माणूस बोअर कुठं मारायचं ते बघायला आला होता. हे खरं निघालं, पण मालुबाईंनी त्यावर विश्वास ठेवला तो बोअरवाल्याच्या घरी जाऊन विचारल्यावरच.

आदर्शनं ऋचाची माफी मागितली. ती आत खोलीत मागितली, त्यामुळं काय बोलणं झालं ते कुणाला माहीत नाही. मीही येतो, असं त्यानं दोनतीनदा म्हणून बघितलं. यंदा नको, एवढंच ऋचा म्हणाली. त्या संध्याकाळी त्यानं स्वतःच तो फोटो भिंतीवरून उतरवला. भिंतीवर फिकट चौकोन उरला. त्यावर दुसरं काही लावायचं नाही, असं कुणी न बोलताच ठरलं.

जानेवारीत दोघी गेल्या. आधी दिल्लीची गाडी, तिथून डेहराडून, मग जीपमधून डोंगरातलं गाव. निघायच्या आधी ऋचानं वाटाड्याला खोदून खोदून विचारलं. सगळ्यात मागं कोण चालणार? मागचा थांबला तर पुढच्यांना कसं कळणार? वाटाड्या वैतागला, पण त्यानं शेवटी एक माणूस मागं ठेवायचं कबूल केलं. तरी मालुबाई त्याच्यावर लक्ष ठेवून होत्या. पहिल्या मुक्कामाला त्यांचं डोकं ठणकायला लागलं. रात्री त्यांनी लसूण चावून खाल्ला, गरम पाणी प्यायल्या आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली. सकाळी बरं वाटलं.

शेवटच्या चढाला उजाडत होतं. ऋचा एका ठिकाणी थांबली आणि इकडंतिकडं बघायला लागली. मालुबाईंनी विचारलं, हीच का जागा?

"माहीत न्हाई," ऋचा म्हणाली. "खडक बर्फाखाली गेलाय वाटतं. सगळीकडं सारखंच दिसतंय."

दोघी तिथं थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग हळूहळू चढल्या, सगळ्यांच्या मागून. वर पोहोचल्या तेव्हा पुढची माणसं उतरायला लागली होती. वारा एवढा होता की मालुबाईंनी डोळे मिटून घेतले. जे बघायला एवढ्या लांब आल्या ते त्यांनी धड बघितलंच नाही. उतरताना मात्र बर्फावर बसून घसरत यायला त्यांना फार आवडलं. ते त्या अजून सांगतात आणि सांगताना लाजतात.

आता सगळं ठीक आहे, असं लोक म्हणतात. मालुबाई तसं म्हणत नाहीत. आदर्श आता घरात जास्त बोलतो, ऋचाच्या शाळेतलं विचारतो, रविवारी भाजी आणतो. मालुबाई ते बघतात, आणि हे मनापासून आहे की दाखवायला, ते त्यांना अजून ठरवता येत नाही. मुलावर असा संशय धरावा लागतो याचं त्यांना वाईट वाटतं. पण धरतात.

परवा तो ऋचाला विचारत होता, पुढच्या थंडीत मलाही नेशील का. मालुबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी नळ बंद केला आणि कान देऊन उभ्या राहिल्या.

ऋचा म्हणाली, "आधी येळ्ळूरच्या गडावर चल. मग बघू."

मालुबाईंनी नळ परत सुरू केला.