पंखा थांबेपर्यंत

खामल्यात चंपतरावांना सगळे ‘विमानवाले’ म्हणत. कुहीकडची धानाची शेती सोडून आलेला हा माणूस विमान चालवतो, असा निम्म्या गल्लीचा समज होता आणि चंपतरावांनीही तो कधी मनापासून खोडून काढला नाही. फुकटचा मान कोणाला नको असतो?

खरं काम वेगळं होतं. सोनेगावच्या विमानतळावर उतरलेलं विमान धावपट्टी सोडून आलं की त्याच्या तोंडासमोर उभं राहायचं. दोन्ही हातांत रंगीत फळ्या धरून त्याला पुढे बोलवायचं, हवं तसं वळवायचं आणि जागेवर आलं की डोक्यावर हातांची फुली करून थांबवायचं. विमान थांबलं तरी इंजिनाचा पंखा गरगरतच असतो. तो पुरता थांबेपर्यंत चंपतराव फुली मोडत नसत. इतकी गरज नव्हती, जोडीदार हसत. पण हा त्यांचा हट्ट.

संध्याकाळी घरी आल्यावरही इंजिनाची घरघर त्यांच्या कानात चालूच राही. ते खाटेवर नुसते बसून राहत. मग त्यांची बायको सुभद्रा चहाचा कप समोर ठेवून म्हणायची, “घ्या जी, पंखा थांबला.” तेव्हा कुठे ते माणसात येत.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात ती आजारी पडली, ती उठलीच नाही. शेवटच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “आज नका जाऊ.”

“दुपारचं विमान लावतो अन् येतो,” चंपतराव म्हणाले. बदलीचा माणूस रजेवर होता.

विमान वळून समोर आलं, तेव्हाच चाकांना ठोकळे लावणारा रुपराव धावत आला आणि त्यांच्या कानाशी ओरडला, “घरून बोलावणं आलं गा, लवकर जा.” चंपतरावांनी मान हलवली. विमान जागेवर घेतलं, फुली केली आणि पंखा थांबेपर्यंत उभे राहिले. घरी पोचले तेव्हा सुभद्रा गेलेली होती. थोड्याच वेळापूर्वी, असं शेजारणीने सांगितलं.

सुभद्राचा भाऊ नत्थूजी भिवापूरहून दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याने आडपडदा ठेवला नाही. “माही बहीण जाऊन राहिली होती, अन् तुमी विमान लावून राहिले होते.”

चंपतरावांनी ऐकून घेतलं. राग आला नाही. रडूही आलं नाही. आपल्याला काहीतरी व्हायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण आत सगळं बधिर होतं, खूप वेळ मांडी घालून बसल्यावर पाय होतो तसं. बाया कुजबुजल्या, तेही त्यांनी ऐकलं.

मुलगा नव्हता. विस्तवाचं मडकं त्यांनीच धरलं. “पुढं चालायचं, मागं पाहायचं नाही,” गल्लीतल्या वडीलधाऱ्या दत्तोपंतांनी बजावलं. चंपतराव चालत राहिले.

विसाव्याच्या जागेआधी एक अरुंद पूल होता. तिथे मागून गडबड ऐकू आली. “इकडं घ्या... अरे, पाय घसरते!” चंपतरावांनी मडकं खाली ठेवलं आणि सरळ मागे वळले. तिरडी नालीकडे झुकली होती. त्यांनी दोन्ही हात वर केले. एक हात स्थिर धरला, दुसऱ्याने बोलावलं. खांदेकरी बिचारे न विचारता त्या हातांमागे आले, पूल ओलांडून विसाव्यापर्यंत. तिथे चंपतरावांनी डोक्यावर फुली केली. तिरडी थांबली, अलगद खाली ठेवली गेली.

खांदे बदलले. दत्तोपंतांनी पुलापलीकडे राहिलेलं मडकं आणून पुढे केलं. चंपतरावांचे हात तसेच वर. ते सुभद्राच्या चेहऱ्याकडे पाहत उभे होते. माणसं उन्हात खोळंबली, एकमेकांकडे पाहू लागली.

नत्थूजी जवळ आला. त्याचा राग कुठे गेला कोणास ठाऊक. “जवाई,” तो हळूच म्हणाला, “खाली करा ना जी हात. निघा लागते.”

“थांब गा जरासा,” चंपतराव म्हणाले. “पंखा थांबला म्हणून तिले सांगू दे. दर वेळी तीच सांगते मले.”